हार्ड डिस्क बदलली म्हणून विंडोजचा परवाना जात नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने) संपला आणि पाच-सात वर्षे जुन्या लॅपटॉपचे काय करायचे, हा प्रश्न अनेक घरांत आणि लहान कार्यालयांत उभा राहिला. त्यावर बाजारात साधारण एकच उत्तर मिळते : जुनी हार्ड डिस्क काढा, एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) टाका आणि विंडोज नव्याने मारून घ्या. सल्ला चांगला आहे, त्याने मंद यंत्रात खरोखर जीव येतो. पण त्यासोबत गिऱ्हाइकाला हेही ऐकवले जाते की, "जुन्या डिस्कबरोबर तुमचं ओरिजिनल विंडोज गेलं, आता नवीन की विकत घ्या, नाहीतर आमचं टाकून देतो." हे धादांत चुकीचे आहे. शिक्षक, दुकानदार, वकील, विद्यार्थी असे ज्यांनी लॅपटॉप घेताना विंडोजचे पैसे आधीच मोजले आहेत, त्यांच्याकडून ते पुन्हा घेतले जातात किंवा त्यांच्या माथी चोरीची प्रत मारली जाते. म्हणून हे सविस्तर पत्र.

विंडोजचा परवाना डिस्कवर राहत नाही. २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून कंपनीकडून विंडोज भरून येणाऱ्या लॅपटॉपची २५ अक्षरांची प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच्या बायॉसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामात), एमएसडीएम नावाच्या तक्त्यात, कारखान्यातच भरलेली असते. लॅपटॉपच्या तळाला पूर्वीसारखा कीचा स्टिकर दिसत नाही तो यामुळेच. विंडोज १० पासून याला डिजिटल लायसन्सची जोड मिळाली. यंत्र एकदा रीतसर अ‍ॅक्टिव्हेट झाले की त्याच्या सुट्या भागांवरून एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. या ओळखीत सर्वांत जास्त वजन मदरबोर्डचे. डिस्क बदला, रॅम वाढवा, बॅटरी किंवा स्क्रीन नवी बसवा, ओळख टिकते. मदरबोर्ड बदलला तर मात्र सर्व्हरच्या लेखी ते दुसरेच यंत्र ठरते.

यंत्र उघडण्यापूर्वी पाच मिनिटे खर्च करून परवाना कोणता आहे ते पाहून घ्यावे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अ‍ॅक्टिव्हेशन (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीखाली अ‍ॅक्टिव्हेशन). तिथे डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट असल्याचे लिहिले असेल तर काळजी नको. शिवाय ते मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्याचा उल्लेख असेल तर फारच उत्तम. नसेल तर त्याच पानावरून खाते जोडून ठेवावे, फुकट आहे. आवृत्तीचे नावही कागदावर लिहून घ्यावे : होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर बहुधा होम सिंगल लँग्वेज असते आणि पुढचा निम्मा घोळ याच नावापाशी होतो.

आणखी खोलात जायचे असेल तर विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबावे. उघडलेल्या चौकटीत एस एल एम जी आर ही अक्षरे सलग टाइप करून एक जागा सोडावी, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी एल आय. (रेघ प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, अक्षरे अर्थात इंग्रजी.) काही सेकंदांनी एक लहान खिडकी येते. तिच्यात ओईएम डीएम (ओईएम म्हणजे लॅपटॉप बनवणारी कंपनी) दिसले तर की बोर्डवरची आहे. रिटेल दिसले तर एक तर की सुटी विकत घेतलेली आहे किंवा जुन्या विंडोजवरून अपग्रेड होऊन डिजिटल लायसन्स मिळालेले आहे. हा फरक कीच्या शेवटच्या पाच अक्षरांवरून ओळखता येतो, तीही तिथेच दिसतात. प्रोसाठी ३व्ही६६टी, होमसाठी ८एचव्हीएक्स७ आणि सिंगल लँग्वेजसाठी ६एफ४बीटी या मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण किल्ल्या आहेत. त्या दिसल्या तर ती की जपून ठेवण्याची काहीच गरज नाही, कारण खरा परवाना सर्व्हरवर आहे. खिडकीत व्हॉल्यूम आणि केएमएस हे शब्द (मोठ्या संस्थांना एकगठ्ठा मिळणाऱ्या परवान्याच्या खुणा) दिसले आणि लॅपटॉप एखाद्या मोठ्या संस्थेचा नसून घरचा असला, तर मागे कोणीतरी चोरीचे विंडोज मारून ठेवले आहे असे समजावे. त्याच आज्ञेत डी एल आय ऐवजी एक्स पी आर टाकले की अशा यंत्रावर संपण्याची तारीख येते, कारण केएमएसचे अ‍ॅक्टिव्हेशन एका वेळी १८० दिवसांचेच असते. खऱ्या परवान्यावर ते कायमचे असल्याचे लिहून येते.

सुटी विकत घेतलेली रिटेल की एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेता येते, मात्र एका वेळी एकाच यंत्रावर. लॅपटॉपसोबत आलेली ओईएम की त्या बोर्डाबरोबर जगते आणि त्याच्याबरोबरच संपते. त्यामुळे जुना लॅपटॉप भंगारात काढून त्याचे विंडोज नव्या डेस्कटॉपवर नेण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. त्याच लॅपटॉपात नवी डिस्क घालणे ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे आणि तिला कसलीच आडकाठी नाही. विंडोज १० चा परवाना त्याच आवृत्तीच्या विंडोज ११ लाही चालतो. विंडोज ७ च्या स्टिकरवाल्या यंत्रांचे मात्र नीट समजून घ्यावे. तो बोर्ड पूर्वी कधी विंडोज १० वर रीतसर गेला असेल तर त्याची नोंद शाबूत आहे. कधीच गेला नसेल तर स्टिकरवरची की आता उपयोगाची नाही, कारण सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो रस्ता बंद केला.

आता प्रत्यक्ष काम. एसएसडी घेण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपात काय बसते ते पाहावे. जुन्या यंत्रांत अडीच इंची साटा (जुनी जोडणी), नव्यांत एम-डॉट-टू (पातळ पट्टीच्या आकाराची), बहुतेक वेळा २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. एम-डॉट-टूच्या खाचेत बसते म्हणून प्रत्येक एसएसडी चालतेच असे नाही. काही खाचा फक्त साटाच्या असतात, तिथे एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीची एसएसडी दिसतच नाही. रिकाम्या खाचेचा बारीक स्क्रू पुष्कळदा गायब असतो, तो आधी मागून ठेवावा. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपात एसएसडी मुख्य जागी बसवून जुनी डिस्क कॅडीत (डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी बसणाऱ्या चौकटीत) घालता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते, म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह मोजूनच घ्यावी. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते, मोजण्याची पद्धत वेगळी असते.

क्लोन करायचे (जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरवायची) की नव्याने विंडोज टाकायचे? आमचे मत स्पष्ट आहे : घरच्या लॅपटॉपवर नव्याने टाकावे. पाच वर्षांचा कचरा, अर्धवट काढलेले अँटिव्हायरस आणि बिघडलेले ड्रायव्हर उचलून नव्या डिस्कवर न्यायचे कशाला? क्लोन करावे ते जिथे एखादा जुना व्यावसायिक प्रोग्राम पुन्हा बसवणे अवघड आहे तिथे. त्यापूर्वी जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने पाहावी. करंट पेंडिंग सेक्टरचा (वाचताना अडणाऱ्या जागांचा) आकडा शून्याच्या वर असेल तर क्लोन मध्येच अडकण्याची दाट शक्यता असते. अशा डिस्कवर आधी दुरुस्तीची तपासणी चालवत बसू नये, त्या तासन्तासच्या वाचनात ती कायमची बसू शकते. फोटो आणि कागदपत्रे सर्वांत आधी बाहेर काढावीत.

क्लोन करताना बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, हा खड्डा ठरलेला. नव्या लॅपटॉपांवर, होम आवृत्तीतसुद्धा, डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ते बंद करून उलगडण्याचे काम पूर्ण होऊ द्यावे, मगच क्लोनला हात घालावा. ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसच्या नोंदीखाली सापडते. ती कागदावर उतरवून ठेवली नाही, खातेही उघडता येत नाही आणि बायॉसमध्ये काही बदलले, तर निळ्या पडद्यावर तीच की मागितली जाते आणि तेव्हा कोणालाच काही करता येत नाही.

दुसरी अडचण जागेची. मोठ्या एसएसडीवर क्लोन केल्यावर डिस्क मॅनेजमेंट उघडले की डावीकडे सी ड्राइव्ह, त्याला खेटून पाऊण-एक जीबीचे रिकव्हरी पार्टिशन (दुरुस्तीसाठी डिस्कचा राखून ठेवलेला भाग) आणि त्याच्या उजवीकडे काळ्या पट्टीखाली मोकळी पडलेली जागा दिसते. सीवर उजवे क्लिक करून वाढवायला जावे तर एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट, दाबताच येत नाही. सी फक्त लगेच उजवीकडच्या मोकळ्या जागेतच वाढू शकतो आणि रिकव्हरीचे पार्टिशन मध्ये भिंतीसारखे उभे असते. चांगल्या क्लोन प्रोग्राममध्ये ते पार्टिशन आधीच शेवटी सरकवून सीला मोठी जागा देता येते, ती पायरी घाईत ओलांडू नये. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू करताना जुनी डिस्क काढलेलीच हवी. दोन जुळ्या डिस्क एकत्र राहिल्या की विंडोज कोणत्या डिस्कवरून सुरू झाले, याचा मेळ राहत नाही.

नव्याने विंडोज टाकण्यासाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचे मीडिया क्रिएशन टूल पुरते. हे टूल पेनड्राइव्हवरचे सर्व पुसून टाकते. बोर्डवर की असेल तर इन्स्टॉलर ती स्वतःच वाचतो आणि आवृत्ती विचारत नाही. की मागितलीच तर "माझ्याकडे की नाही" हा पर्याय घ्यावा आणि कागदावर लिहिलेली तीच आवृत्ती निवडावी. इंटरनेट जोडल्यावर अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होते.

इथे सर्वाधिक वेळा होणारी चूक सांगायलाच हवी. जुनी डिस्क कॅडीत तशीच ठेवून एसएसडीवर विंडोज टाकले जाते. विंडोज एसएसडीवर बसते खरे, पण यंत्र सुरू करणाऱ्या फाइली इन्स्टॉलर जुन्या डिस्कवर आधीपासून असलेल्या लहानशा ईएफआय पार्टिशनमध्येच टाकतो. सहा महिने सर्व सुरळीत चालते. मग जुनी डिस्क बंद पडते किंवा कोणी काढून घेते आणि कोरी करकरीत एसएसडी असूनही पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश येतो. दोष एसएसडीच्या माथी मारला जातो. उपाय साधा आहे : इन्स्टॉल होईपर्यंत एसएसडीशिवाय दुसरी कोणतीही डिस्क जोडलेली ठेवू नये.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांवर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही, यादी रिकामी येते. डिस्क खराब नसते. बायॉसमधला व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) हा पर्याय चालू असतो आणि त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, उलगडून, त्याचे फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावे आणि लोड ड्रायव्हरमधून दाखवावे. व्हीएमडी बंद करूनही काम होते, पण ते नव्याने टाकतानाच. चालू विंडोजखाली हा पर्याय बदलला तर ते निळ्या पडद्यावर कोसळते.

एवढे करूनही अ‍ॅक्टिव्हेशन झाले नाही तर आधी आवृत्ती तपासावी. बोर्डवर सिंगल लँग्वेजची की आणि टाकले प्रो, तर कितीही वाट पाहिली तरी उपयोग नाही. याच्या उलटही घडते. एखाद्याने होमवरून पैसे भरून प्रो घेतलेले असते, पण बोर्डवरची की होमची असल्याने नव्या डिस्कवर होमच बसते. अशा वेळी इंटरनेट तोडून, ३व्ही६६टी ने संपणारी प्रोची सर्वसाधारण की घालून आवृत्ती बदलावी, मग इंटरनेट जोडावे. सर्व्हरवरची प्रोची नोंद जुळून येते. एरर कोडही बोलका असतो. ८०३एफ७००१ म्हणजे या यंत्रासाठी परवाना सापडला नाही. सी००४एफ२११ म्हणजे यंत्राचे भाग बदललेले वाटतात. सी००४सी००८ म्हणजे ती की आधीच दुसरीकडे वापरली गेली आहे आणि सी००४सी००३ म्हणजे ती अवैध किंवा बंद केलेली आहे. काही शे रुपयांना ऑनलाइन मिळणाऱ्या किल्ल्यांवर शेवटचे दोन कोड हमखास येतात, आज नाही तर काही महिन्यांनी.

मदरबोर्डच बदलावा लागला तर अधिकृत सेवा केंद्राकडून नव्या बोर्डात सिरियल क्रमांक आणि विंडोजची की भरून मागावी आणि ते जॉबशीटवर लिहून घ्यावे. परवाना रिटेल असून खात्याशी जोडलेला असेल तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावरच्या ट्रबलशूटमध्ये "अलीकडे हार्डवेअर बदलले" हा पर्याय आहे. खात्याने लॉग इन करून यादीतून आपले जुने यंत्र निवडायचे असते.

जुन्या डिस्कबरोबर खरोखर जाऊ शकतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्याबद्दल कोणी सावध करत नाही. टॅलीप्राइम या हिशेबाच्या प्रोग्रामचा परवाना संगणकाशी बांधलेला असतो. डिस्क काढण्यापूर्वी इंटरनेट चालू ठेवून एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर या वाटेने तो परत करावा आणि नव्या डिस्कवर पुन्हा घ्यावा. न परतवता फॉरमॅट मारले की टॅली एज्युकेशनल मोडमध्ये (फक्त सरावापुरती) उघडते आणि ऐन जीएसटीच्या तारखेला धावपळ होते. कंपन्यांच्या डेटाचा बॅकअप वेगळा, तोही टॅलीतूनच घ्यावा. लॅपटॉपसोबत आलेले ऑफिस ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर पहिल्यांदा सुरू केले त्या खात्याला चिकटलेले असते. त्यामुळे तो ईमेल आणि पासवर्ड आठवतो का, ते आधीच पाहावे.

छापखाने, पत्रिका छापणारे, डीटीपीवाले यांनी फॉन्टचे फोल्डर विसरू नये. श्रीलिपी, आकृती या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन उघडतो. वीस वर्षांचे ग्रामपंचायतीचे, पतसंस्थेचे, मंडळाच्या स्मरणिकांचे मजकूर अशा फाइलींत पडून आहेत. विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्सची पूर्ण प्रत आणि प्रोग्रामची मूळ सीडी किंवा डोंगल (परवान्यासाठी यूएसबीत लावायची छोटी किल्ली) सांभाळून ठेवावे. नव्या मजकुरासाठी मात्र विंडोजमध्येच मराठीचा इनस्क्रिप्ट आणि २०१९ पासून फोनेटिक कळफलक आहे. सिंगल लँग्वेज आवृत्तीत पडद्याची भाषा बदलता येत नाही, एवढेच. मराठी टायपिंगला तिची काहीही हरकत नाही. "मराठी हवं तर प्रो टाकावं लागेल" असे कोणी म्हटले तर ऐकू नये.

ज्यांचे यंत्र विंडोज ११ च्या अटींत, म्हणजे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरच्या यादीत, बसत नाही, त्यांनी एसएसडीवर विंडोज १० टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने वाढीव सुरक्षा अद्यतनांची नोंदणी करावी. जाहीर केल्याप्रमाणे ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. चोरीच्या अ‍ॅक्टिव्हेटरने मारलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत. तो अ‍ॅक्टिव्हेटर चालावा म्हणून अँटिव्हायरस आधी बंद करतात आणि त्याचे फोल्डर कायमचे तपासणीबाहेर ठेवतात. घराच्या दाराला कुलूप लावून किल्ली अनोळखी माणसाकडे देण्यासारखेच ते आहे.

नव्या डिस्कवर सर्व नीट चालते आहे याची महिनाभर खात्री करून मगच जुनी डिस्क पुसावी. ती दुकानात सोडून येऊ नये, ती आपली मालमत्ता आहे आणि तिच्यावर आधार, पॅन, सातबाऱ्याच्या प्रती असतात. साधे फॉरमॅट पुरेसे नाही. विंडोजच्याच डिस्कपार्ट या प्रोग्राममधली क्लीन ऑल ही आज्ञा पूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते. १ टीबीला साधारण तीन तास लागतात. आज्ञा देण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक दोनदा पाहावा, कारण चुकीची डिस्क निवडली तर ती विचारत नाही.

दुकानदार बांधवांना आमची विनंती आहे की, बिलावर एसएसडीचा सिरियल क्रमांक, टाकलेल्या विंडोजची आवृत्ती आणि अ‍ॅक्टिव्हेशन कोणत्या परवान्याने झाले हे तीन रकाने छापावेत. ग्राहकांनी यंत्र ताब्यात घेताना अ‍ॅक्टिव्हेशनचे पान तिथेच उघडून पाहावे. लॅपटॉपवर होमचा परवाना असताना केएमएसचे प्रो टाकून पैसे घेतले असतील तर काम परत करून मागावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीसोबत बिल आणि एस एल एम जी आर च्या त्या खिडकीचा फोटो जोडावा.

आपले विश्वासू,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील काही कारागीर,
सांगली